शंभरीतला तरुण: रोलप्लेइंग गेममधल्या दीर्घायुषी वंशांचं वय कसं ठरवावं

कॅरेक्टर शीटवर (पात्राची माहिती लिहायच्या कागदावर) वंशाच्या रकान्यात 'एल्फ' आणि वयाच्या रकान्यात १४५ लिहिलं की टेबलावरचं कुणीतरी हमखास विचारतं, "मग ही बाई इतकी वर्षं करत काय होती?" शेजारी बावीस वर्षांचा माणूस विझार्ड (जादूगार) बसलेला असतो आणि दोघंही लेव्हल १, म्हणजे कसबाच्या पहिल्याच पायरीवर. घोळ होतो तो एकाच आकड्यातून शरीर, समज, समाजातलं स्थान आणि कौशल्य असं सगळं काढायला गेल्यामुळे. ही चार खाती वेगवेगळी मांडली की बऱ्याच गाठी सुटतात. लेख पात्र बनवणाऱ्या खेळाडूसाठी आहे आणि स्वतःचं जग उभारून खेळ चालवणाऱ्या गेम मास्टरसाठीही. लोकसंख्येचा भाग खेळाडूने वगळला तरी चालेल.

१. आधी आवृत्ती नक्की करा

टेबलावर दोघांच्या डोक्यात दोन वेगळी नियमपुस्तकं असतात आणि तिथूनच वाद सुरू होतो. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या २००३ मधल्या ३.५ आवृत्तीत एल्फ ११०व्या वर्षी सज्ञान होतो. ड्वार्फ आणि नोम ४०व्या, हाफ-एल्फ आणि हाफलिंग २०व्या, माणूस १५व्या, हाफ-ऑर्क १४व्या वर्षी. त्यात क्लासनुसार, म्हणजे पात्राच्या पेशानुसार, फासे मिळवायचे (४डी६ म्हणजे सहा बाजूंचे चार फासे). एल्फ रोग (rogue, म्हणजे चोरटा) असेल तर ४डी६, फायटर किंवा रेंजर असेल तर ६डी६, विझार्ड किंवा क्लेरिक असेल तर १०डी६. म्हणजे एल्फ विझार्ड १२० ते १७० वर्षांची, सरासरी १४५. माणूस विझार्डला १५ अधिक २डी६, सरासरी २२. सुरुवातीचा प्रश्न या तक्त्यातूनच आला आहे.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीने हा गुंता बराचसा कापून टाकला. तिथे एल्फ शरीराने माणसाच्याच वेगाने वाढतो, पण स्वतःला प्रौढ जाहीर करतो शंभरी ओलांडल्यावर, आणि तोवर लहानपणीच्या नावानेच ओळखला जातो. ड्वार्फ माणसासारखाच वाढतो, पण पन्नाशीपर्यंत पोरसवदा गणला जातो. नोम चाळिशीच्या सुमारास स्थिरावतो. ड्रॅगनबॉर्नचं उलटंच आहे: अंड्यातून बाहेर आल्यावर काही तासांत चालतो, तिसऱ्या वर्षी माणसाच्या दहा वर्षांच्या मुलाएवढा होतो आणि पंधराव्या वर्षी प्रौढ. पाथफाइंडरच्या २०१९ मधल्या दुसऱ्या आवृत्तीतही एल्फचं शरीर विशीत पूर्ण वाढतं, समजेने तो परिपक्व मानला जातो शंभरीच्या आसपास आणि जगतो साधारण ६०० वर्षं.

कमाल आयुष्याबाबत एक गंमत फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. ३.५ मध्ये ड्वार्फचं कमाल वय २५० अधिक २डी१००, म्हणजे सरासरी ३५१, आणि पाचव्या आवृत्तीत त्याला सुमारे ३५० दिलं आहे. हाफलिंगचं १०० अधिक ५डी२०, सरासरी साधारण १५२, आणि नव्या पुस्तकातही तो दीडशेच्या आसपास पोचतो. एल्फचं मात्र ३५० अधिक ४डी१००, म्हणजे सरासरी ५५२ आणि सगळे फासे शंभरावर पडले तर ७५०. पाचव्या आवृत्तीतला एल्फचा ७५० हा आकडा नेमका या कमाल टोकाशी जुळतो. म्हणून आपल्या जगात 'सगळे एल्फ ७५० जगतात' असं धरण्याआधी थांबा. साडेपाचशे-सहाशे धरलं तर पुढची सगळी गणितं जास्त नीट बसतात.

२. एका पट्टीने मोजू नका

सगळ्यात सोपा आणि सगळ्यात फसवा उपाय म्हणजे गुणाकार. माणूस १५ला सज्ञान, एल्फ ११०ला, म्हणजे साधारण ७.३ पट. आता हाच गुणक खाली उतरवून पाहा. माणसाचं बाळ वर्षाच्या आसपास चालू लागतं, एल्फचं सातव्या वर्षी. दोन वर्षांची लंगोटी पंधरा वर्षं चालते. नऊ महिन्यांचं गरोदरपण साडेपाच वर्षांचं होतं. अशा वंशाने जंगलात एक आणीबाणी सोसली तरी पुष्कळ.

निसर्गात दोन्ही नमुने सापडतात, आणि ते पाहिले की निवड सोपी जाते. बोहेड देवमासा २०० वर्षांहून जास्त जगू शकतो, पण पंचविशीच्या आसपास प्रजननक्षम होतो: लवकर वाढ आणि मग लांबलचक प्रौढपण. ग्रीनलंड शार्कला प्रजननक्षम व्हायलाच साधारण दीडशे वर्षं लागतात, आणि २०१६ च्या अभ्यासानुसार तो किमान २७२ वर्षं जगतो. पण या शार्कचं पिल्लू जन्मल्यापासून आपलं आपण पाहतं. ज्या वंशाच्या मुलांना भरवावं, उचलावं, शिकवावं लागतं, त्याला शार्कचा नमुना झेपत नाही. त्यामुळे एल्फ, ड्वार्फ, नोम यांच्यासाठी देवमाशाचा नमुना घ्या. झाडापासून उपजणारे किंवा दगडातून घडणारे वंश असतील तर शार्कचा खुशाल वापरा.

आता वंशासाठी चार आकडे लिहा:

शरीर पूर्ण वाढतं ते वय. एल्फसाठी २० ते २५, ड्वार्फसाठी २५.

समज येते ते वय. धोका तोलता येणं, रागावर ताबा, दिलेला शब्द पाळणं. माणसाच्या मेंदूचा हा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो. एल्फला ३० ते ४० द्या. याहून लांबवलं तर ८० वर्षांची एल्फ खेळवताना खेळाडू हट्टी पोरासारखं बोलू लागतो आणि तीन सेशनमध्ये सगळे वैतागतात.

समाज हक्क देतो ते वय. मालमत्ता, परिषदेतलं मत, लग्न, स्वतःचं नाव. शंभरीचा आकडा इथे शोभतो. तो रिवाजाचा आहे, त्यामुळे एकाच वंशाच्या दोन राज्यांत वेगळा असू शकतो, आणि त्यावरून भांडणंही होऊ शकतात.

उतरण सुरू होते ते वय. ३.५ मध्ये एल्फची मध्यमवयीन रेषा १७५ला आहे. सरासरी ५५२ वर्षं जगणाऱ्याचं तारुण्य सज्ञान झाल्यावर जेमतेम ६५ वर्षं टिकतं आणि १०डी६ जोरात पडले तर १७० वर्षांची विझार्ड पाच वर्षांत मध्यमवयीन होते. तक्त्याची ही बाजू फारच कच्ची आहे. स्वतःचं जग असेल तर ही रेषा ३५० ते ४००पर्यंत ढकला.

इथेच एक नियम सेशन झिरोमध्ये (खेळाआधीच्या ठरवाठरवीच्या बैठकीत) सर्वांसमोर सांगून टाका: प्रेमप्रकरण किंवा शारीरिक संबंधांचा विषय फक्त शरीर, समज आणि समाज या तिन्ही अर्थांनी प्रौढ असलेल्या पात्रांपुरता. 'दिसते लहान पण वय २०० आहे' आणि 'वय ४० आहे पण एल्फांत अजून मूल आहे' या दोन्ही पळवाटा त्याने बंद होतात. पुढे कुणाला अवघडून बोलावं लागत नाही.

३. गावात मुलं किती, ते मोजा

समजा एल्फ स्त्रीला १०० ते ४६० या वयात दर ४० वर्षांनी एक मूल होतं. ऐकायला हा वेग अगदी संथ वाटतो. पण मुलं होतात दहा, त्यांत मुली पाच, म्हणजे दर पिढीला पाचपट. एक पिढी साधारण २८० वर्षांची धरली तर १०० एल्फांचे दहा पिढ्यांत, म्हणजे तीन हजार वर्षांच्या आत, सुमारे ९७ कोटी होतात. मग 'जंगलातले मोजकेच उरलेले एल्फ' ही कल्पना टिकत नाही. मुलं स्त्रीमागे दोनाच्या थोडी वर ठेवा आणि त्याला कारण द्या: गर्भधारणा क्वचित होते, किंवा आयुष्यातला सुपीक काळच छोटा असतो.

उलट बाजूही तपासा. लोकसंख्या दर पिढीला ५ टक्के वाढत असेल आणि एखाद्या युद्धात निम्मे एल्फ मेले, तर पूर्वीच्या संख्येवर यायला चौदा पिढ्या, म्हणजे जवळजवळ चार हजार वर्षं लागतात. एल्फ युद्ध टाळतात, वाटाघाटी वर्षानुवर्षं लांबवतात, ओसाड पडलेली शहरं तशीच सोडून देतात. या सगळ्याला एवढं एक कारण पुरतं, गूढ शापाची गरज नाही.

आता ३०० एल्फांचं गाव घ्या. आयुष्य ६०० वर्षं आणि लोकसंख्या स्थिर. ढोबळमानाने दोन वर्षांत एक जन्म. वीस वर्षांखालची मुलं दहा, त्यामुळे प्रत्येक मूल साऱ्या गावाला नावानिशी माहीत. शंभरीखालचे एकूण पन्नास. पन्नासातून दहा वजा केले की उरतात चाळीस जण, ज्यांचं शरीर पूर्ण वाढलेलं आहे, हातात कला आहे, पण परिषदेत मत नाही, जमीन नाही, धड नावही स्वतःचं नाही. गावाबाहेर पडणारे, माणसांच्या शहरांत दहा-वीस वर्षं काढून येणारे, तलवार हातात घेऊन कुठल्यातरी भुयारात शिरणारे एल्फ हेच. तुमचं पात्र बहुधा या चाळिसांतलं आहे.

४. वय निवडा आणि रिकामं शतक भरा

पाचव्या आवृत्तीत ३० वर्षांची एल्फ खेळायला कुठलाही नियम आडवा येत नाही, आणि नवख्या खेळाडूसाठी हीच निवड उत्तम. शरीर वाढलेलं, जगाचा अनुभव माणसाएवढा, घरच्यांच्या लेखी मात्र अजून शेंडेफळ. ६० ते ९० मध्ये वर सांगितलेली हक्काविना हिंडणारी तरुणाई येते. १०० ते १५० हा पुस्तकी पर्याय, यात पार्श्वभूमी लिहायची मेहनत सर्वांत जास्त. २०० च्या पुढचं पात्र लेव्हल १ला घेऊ नका, आणि घ्यायचंच असेल तर स्मृती गेली, कैद झाली, दगड होऊन पडली होती असं काहीतरी ठोस कारण लागतं.

पार्श्वभूमी लिहिताना वर्षावर्षाचा हिशेब मांडू नका. पंचवीस वर्षांचे खंड पाडा आणि प्रत्येकाला एकच ओळ द्या: काय करत होती, कुणासोबत होती, आणि ते का सुटलं. १२८ वर्षांच्या एल्फ रेंजरचं उदाहरण:

० ते २५: नदीकाठच्या वस्तीत वाढली. वस्तीत तिच्या बरोबरीचं एकच मूल होतं, तिचा मावसभाऊ.
२५ ते ५०: आजीकडे धनुष्यं बनवायला शिकली. आजीच्या मते अजून शिकतेच आहे.
५० ते ७५: माणसांच्या सीमेवरच्या गावात वाटाड्या. तिथल्या एका कुटुंबाच्या तीन पिढ्या पाहिल्या. तिसऱ्या पिढीने तिला ओळखलंच नाही, म्हणून परतली.
७५ ते १००: गावात बसून. कुणाशी फारसं बोलली नाही. या काळात तिने काय केलं ते ती सांगत नाही.
१०० ते १२८: स्वतःचं नाव घेतलं. मावसभाऊ त्याच सीमेवर बेपत्ता झाला.

पाच ओळींत गेम मास्टरला निदान चार धागे मिळाले: आजी, ते कुटुंब, गप्प काळ, मावसभाऊ. यातला एक खंड मुद्दाम अर्धवट ठेवायचा, तो खेळताना भरला जातो. नेहमी होणारी चूक म्हणजे प्रत्येक खंडात युद्ध, ड्रॅगन आणि कत्तल भरणं. एवढं सगळं पाहिलेली व्यक्ती लेव्हल १ कशी, या प्रश्नाला मग खरंच उत्तर उरत नाही.

५. लेव्हल १चं कोडं

तीन उत्तरं चालतात, आणि एका टेबलावर एकच पक्कं धरावं.

पहिलं, लेव्हल म्हणजे जिवावर बेतल्यावर येणारं कसब. शंभर वर्षं धनुष्यं बनवणारीला लाकडाची जात वासावरून कळेल, पण अंगावर धावून येणाऱ्या ओगरसमोर हात थरथरतीलच. हे उत्तर साधं आहे आणि बहुतेक टेबलांना पुरतं. धनुष्यांचं ज्ञान शीटवर प्रोफिशन्सीच्या (अवगत कौशल्याच्या) रूपात लिहून टाका, म्हणजे ती वर्षं फुकट गेल्यासारखी वाटत नाहीत.

दुसरं, जे वापरलं जात नाही ते विसरलं जातं. चाळीस वर्षं न बोललेली भाषा माणसाचीही गंजते, मग शतकापूर्वी शिकलेलं मंत्रशास्त्र कसं ताजं राहील? खेळताना याचा छान उपयोग होतो. पात्र नवी क्षमता मिळवतं तेव्हा ती 'परत आठवली' असं म्हणता येतं.

तिसरं, एल्फांची शिकवणच रुंद असते. विझार्डचा विद्यार्थी पहिली तीस वर्षं शाई, कागद, नक्षत्रं आणि सुलेखन यांतच घालवतो, मंत्र नंतर येतात. ३.५ मधला १०डी६चा आकडा यात चपखल बसतो.

पण याहून अवघड कोडं पुढे आहे, ते वेगाचं. शंभर वर्षांत एक लेव्हल आणि मग दीड वर्षात वीस? पाचव्या आवृत्तीच्या २०१४ मधल्या गेम मास्टरच्या पुस्तकात लेव्हल वाढवण्यासाठी प्रशिक्षणाचा ऐच्छिक नियम आहे: लेव्हल २ ते ४ साठी प्रत्येकी १० दिवस, ५ ते १० साठी २०, ११ ते १६ साठी ३०, १७ ते २० साठी ४०. सगळं मिळून ४९० दिवस, म्हणजे सव्वा वर्षाच्या थोडं वर. नियम काटेकोर पाळला तरी कोडं सुटत नाही. उपाय म्हणजे साहसांमध्ये विश्रांतीचे लांब काळ घालणं. लेव्हल ५, ११ आणि १७ला प्रत्येकी तीन ते पाच वर्षं जाऊ द्या. माणसाच्या पात्राला केस पांढरे व्हायची संधी मिळते, एल्फला काही होत नाही, आणि हा फरक सांगावा न लागता टेबलावर दिसतो.

६. खेळताना वय कसं दिसावं

जड आवाजात 'मी शतकं पाहिली आहेत' म्हणणं सोडा. वय दिसतं ते छोट्या चुकांतून. १२८ वर्षांची रेंजर शहरात शिरते आणि सरळ जुन्या पुलाकडे जाते, जो साठ वर्षांपूर्वी वाहून गेला. किंमत विचारताना तिच्या तोंडात पूर्वीचं नाणं येतं. दुकानदाराला ती त्याच्या आजोबांच्या नावाने हाक मारते. असं एका सेशनमध्ये एकदाच करा, पाच वेळा केलंत तर विनोद होतो.

निर्णयांचा वेग हा दुसरा धागा. दीर्घायुषी पात्र सावकाश ठरवतं असं मानायचा मोह होतो, पण चार जण वाट पाहत बसलेले असताना ते जाचक ठरतं. त्यापेक्षा तिच्या बेतांची मुदत लांब ठेवा: सूड आत्ताच नको, त्याचा मुलगा राजा होईपर्यंत थांबू. लढाईत मात्र ती इतरांइतकीच झटपट.

ड्वार्फ वेगळा खेळवा. ३५० वर्षांचं आयुष्य म्हणजे माणसाचं चारपट, एल्फच्या निम्म्याहून थोडं जास्त. माणसांची घराणी त्याला ओळखीची वाटतात, करार आणि उधारी त्याच्या हयातीत फिटतात किंवा बुडतात. म्हणून तो हिशेबी. नोम आणि हाफलिंग यांच्या बाबतीत वयाचा फारसा बाऊ करायची गरज पडत नाही.

हाफ-एल्फचं दुखणं खरं. वीसला प्रौढ, १८० च्या पुढे आयुष्य. माणूस असलेली आई त्याच्या ऐन तारुण्यात म्हातारी होते, एल्फ नातलगांच्या लेखी तो पन्नाशीतही कालचा पोर. दोन्ही घरांतलं प्रत्येकी एक जिवंत माणूस पार्श्वभूमीत ठेवा, एवढ्याने काम होतं.

७. मधली वर्षं उडी मारून गेली तर

कॅम्पेनमध्ये (अनेक सेशन चालणाऱ्या मोठ्या कथेत) तीस वर्षांची उडी घ्यायची असेल तर आधी सर्वांची वयं एका कागदावर मांडा. ३.५ च्या तक्त्याने पाहू. २२ वर्षांचा माणूस ५२ला पोचतो: ३५ची मध्यमवयीन रेषा ओलांडलेली, ५३ची वृद्ध रेषा एका वर्षावर. १६ वर्षांचा हाफ-ऑर्क ४६ला, म्हणजे थेट वृद्ध. ६० वर्षांचा ड्वार्फ ९०ला, १२५ अजून लांब. आणि १४५ वर्षांची एल्फ विझार्ड बरोबर १७५ला, म्हणजे तीही मध्यमवयीन! तक्ता न पाहता उडी मारली की अशी गफलत होते.

त्या आवृत्तीत मध्यमवयात स्ट्रेंग्थ, डेक्स्टेरिटी, कॉन्स्टिट्यूशन हे शरीराचे गुण प्रत्येकी एकने घटतात, वृद्ध झाल्यावर आणखी दोनने, अतिवृद्ध झाल्यावर आणखी तीनने. इंटेलिजन्स, विझ्डम, करिझ्मा हे बुद्धीचे गुण प्रत्येक टप्प्याला एकने वाढतात. बेरीज केली तर शरीर उणे सहा, बुद्धी अधिक तीन. विझार्ड खेळणारे धूर्त खेळाडू यामुळे पहिल्याच दिवशी अतिवृद्ध पात्र घेऊन येतात. आळा घालायचा सोपा मार्ग: सुरुवातीचं वय मध्यमवयाच्या पुढे नाही, आणि बुद्धीचा फायदा फक्त खेळात जगलेल्या वर्षांसाठी. पाचव्या आवृत्तीत वयाने गुण बदलत नाहीत, तिथे हा प्रश्नच येत नाही.

८. जादूने वाढलेलं किंवा थांबलेलं वय

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीतल्या भुताचं भयाण रूप पाहून सेव्ह (बचावाची फासेफेक) पाच किंवा जास्त फरकाने हुकला तर पात्र १डी४ गुणिले १० वर्षांनी म्हातारं होतं. २४ तासांत ग्रेटर रिस्टोरेशन हा मंत्र मिळाला तरच हे उलटतं. २२ वर्षांचा माणूस चार पडल्यावर ६२चा होतो आणि टेबल सुन्न. एल्फला तेच चाळीस वर्षं लागली तर तिच्या केसालाही धक्का नाही. धोका सर्वांना सारखा हवा असेल तर दहा वर्षांऐवजी सरासरी आयुष्याचा आठवा भाग घ्या: माणसाला १०, ड्वार्फला सुमारे ४४, पुस्तकातलं ७५० आयुष्य धरलं तर एल्फला सुमारे ९४. हा बदल आधी जाहीर करा, भूत समोर आल्यावर नाही.

उलट टोकाला २०१४ च्या आवृत्तीतला लेव्हल १८चा ड्रुइड (निसर्गाची जादू वापरणारा). दहा वर्षांमागे त्याचं शरीर एकच वर्ष म्हातारं होतं. २०० वर्षांच्या एल्फ ड्रुइडकडे ५५० वर्षं उरली असतील तर ती साडेपाच हजार वर्षं पुरतात. खेळाडूला याचा उपयोग जवळजवळ शून्य, कारण तोवर कॅम्पेन संपत आलेलं असतं. गेम मास्टरने मात्र असं एक पात्र जगात जरूर ठेवावं आणि त्याची नोंद चार ओळींत करावी: तिला लख्ख आठवणाऱ्या तीन घटना, आणि चौथी एक जी ती ठामपणे सांगते पण चुकीची सांगते. तिला भेटलेले खेळाडू चौथ्या गोष्टीच्या मागे निघतील, तेव्हा त्या जागी खरोखर काय आहे ते आधी ठरवून ठेवा.